ॲम्बिसॉनिक ध्वनिवर्धक मांडणी

ॲम्बिसॉनिक ध्वनिवर्धक मांडणी म्हणजे ॲम्बिसॉनिक पद्धतीने केलेले ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी श्रोत्याभोवती ध्वनिवर्धक (स्पीकर) कोठे, किती अंतरावर, किती उंचीवर आणि किती संख्येने ठेवावेत यासंबंधीचे शास्त्र व व्यवहार होय. स्टिरिओ किंवा ५.१ यांसारख्या पद्धतींत मुद्रणातील प्रत्येक वाहिनी एका ठरावीक ध्वनिवर्धकासाठी राखलेली असते. ॲम्बिसॉनिक मुद्रणात तसे नसते. त्यातील वाहिन्या ध्वनिवर्धकांचे वर्णन करत नाहीत, तर एका बिंदूपाशी सर्व दिशांनी येणाऱ्या ध्वनिक्षेत्राचे वर्णन करतात. त्या वर्णनावरून प्रत्येक ध्वनिवर्धकाला कोणता संकेत द्यावयाचा हे डिकोडर नावाचे यंत्र किंवा आज्ञावली ठरवते, आणि त्यासाठी तिला मांडणीची नेमकी माहिती द्यावी लागते. त्यामुळे मांडणी निवडण्याचे स्वातंत्र्य मोठे असले तरी निवडलेली मांडणी आणि डिकोडर यांचा मेळ बसला नाही, तर उत्तम मुद्रणही सपाट, दिशाहीन आणि कधीकधी कानांना त्रासदायक वाटते. ॲम्बिसॉनिक्सविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ या बेमेळात सापडते.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकाच्या आरंभी चार ध्वनिवर्धकांची क्वाड्राफोनी ही पद्धत बाजारात आली. तिच्यात खोलीच्या चार कोपऱ्यांत चार ध्वनिवर्धक ठेवून शेजारच्या दोन ध्वनिवर्धकांमध्ये आवाज वाटून दिला जाई. समोरच्या जोडीमध्ये ही युक्ती बऱ्यापैकी चालते. परंतु डाव्या किंवा उजव्या बाजूच्या जोडीमध्ये ती जवळजवळ निकामी ठरते, कारण माणसाचे कान डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि एकाच बाजूला पुढेमागे असलेल्या दोन उगमांची बेरीज मेंदू स्टिरिओसारखी करत नाही. आवाज पुढच्या ध्वनिवर्धकावरून मागच्यावर उडी मारतो, मधल्या जागेत तो स्थिर राहत नाही.

ऑक्सफर्ड येथील गणिती मायकेल गर्झन (१९४५–१९९६) आणि रेडिंग विद्यापीठातील पीटर फेलगेट यांनी ब्रिटनच्या नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या पाठबळावर वेगळा मार्ग शोधला. गर्झन यांची भूमिका अशी होती की, प्रश्नाचा आरंभ ध्वनिवर्धकांपासून न करता श्रोत्याच्या डोक्याभोवतीच्या ध्वनिक्षेत्रापासून करावा. गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी साउंडफील्ड मायक्रोफोनची कल्पना मांडली. या मायक्रोफोनमध्ये समचतुष्फलकाच्या चार पृष्ठांवर चार ग्राहक बसवलेले असतात, आणि त्यांच्या संकेतांवरून पुढे बी-फॉरमॅट म्हणून ओळखले गेलेले चार संकेत मिळवले जातात. डब्ल्यू हा सर्व दिशांचा आवाज सारख्याच प्रमाणात घेणारा संकेत आहे. एक्स पुढे-मागे, वाय डावे-उजवे आणि झेड वर-खाली या अक्षांवर आठच्या आकड्यासारखी ग्रहणशीलता असलेले संकेत आहेत. केवळ क्षितिजसमांतर श्रवणासाठी झेडची गरज पडत नाही.

हे चार संकेत म्हणजे प्रथम कोटीचे ॲम्बिसॉनिक्स होय. गोलावरील हरात्मक फलने वापरून ही कल्पना पुढे वाढवता येते. कोटी 'न' असेल तर पूर्ण गोलासाठी (न + १) चा वर्ग इतक्या वाहिन्या लागतात, म्हणजे पहिल्या कोटीसाठी ४, दुसऱ्यासाठी ९, तिसऱ्यासाठी १६. केवळ क्षैतिज पातळीसाठी २न + १ वाहिन्या पुरतात, म्हणजे ३, ५, ७. कोटी जितकी उच्च, तितकी दिशेची रेखीवता अधिक आणि ध्वनिवर्धकांची गरजही अधिक.

वेग सदिश आणि ऊर्जा सदिश

मांडणी चांगली की वाईट हे ठरवण्यासाठी गर्झन यांनी दोन सदिशांचा वापर केला. वेग सदिश काढताना प्रत्येक ध्वनिवर्धकाच्या दिशेला त्याच्या संकेताच्या आयामाचे वजन देऊन सरासरी घेतली जाते. ऊर्जा सदिश काढताना आयामाऐवजी आयामाच्या वर्गाचे वजन दिले जाते. दोन सदिश घेण्याचे कारण माणसाच्या श्रवणात आहे. सुमारे ७०० हर्ट्झच्या खाली मेंदू मुख्यतः दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या तरंगांच्या कलेतील फरकावरून दिशा ओळखतो, आणि तेथे वेग सदिश उपयोगी पडतो. त्याहून वरच्या वारंवारतेला दोन कानांपाशी पडणाऱ्या तीव्रतेतील फरक महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचा अंदाज ऊर्जा सदिशावरून येतो.

प्रत्यक्षात एकच उगम त्या दिशेला असता तर दोन्ही सदिशांची लांबी १ भरली असती. अनेक ध्वनिवर्धकांच्या बेरजेतून वेग सदिशाची लांबी १ करता येते. ऊर्जा सदिशाची मात्र करता येत नाही. प्रथम कोटीत क्षैतिज मांडणीसाठी तिची कमाल मर्यादा ०.७०७ आहे आणि पूर्ण गोलासाठी ०.५७७. दुसऱ्या कोटीत हे आकडे अनुक्रमे ०.८६६ आणि ०.७७५ होतात, तर तिसऱ्या कोटीत ०.९२४ आणि ०.८६१. प्रथम कोटीचा आवाज काहीसा पसरट का वाटतो याचे उत्तर या आकड्यांत आहे. ध्वनिवर्धकांची संख्या वाढवून ही मर्यादा ओलांडता येत नाही, ती मुद्रणाच्या कोटीनेच बांधलेली असते.

गर्झन यांच्या व्याख्येनुसार डिकोडर खऱ्या अर्थाने ॲम्बिसॉनिक ठरण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. निदान ४ किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही सदिशांची दिशा एकच असावी. सुमारे ४०० हर्ट्झच्या खाली वेग सदिशाची लांबी सर्व दिशांना १ असावी. आणि सुमारे ७०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ या पट्ट्यात ऊर्जा सदिशाची लांबी शक्य तितकी मोठी असावी. पहिली अट पाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग मांडणीतच आहे. सर्व ध्वनिवर्धक श्रोत्यापासून समान अंतरावर आणि व्यासाच्या दोन टोकांना समोरासमोर जोड्यांनी असतील, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांची बेरीज सारखीच राहत असेल, तर दोन्ही सदिश आपोआप एकाच दिशेला वळतात.

चौरस मांडणीचे एक उदाहरण

क्षैतिज मांडणीचे सर्वांत लहान स्वीकार्य रूप म्हणजे चौरस. त्यात श्रोता मध्यभागी पुढे तोंड करून बसतो आणि चार ध्वनिवर्धक त्याच्या समोरच्या रेषेपासून डावीउजवीकडे ४५ आणि १३५ अंशांवर असतात. ठीक समोरून येणारा आवाज पुनर्निर्माण करावयाचा असल्यास, वेग सदिशाची लांबी १ ठेवणारा डिकोडर पुढच्या दोन ध्वनिवर्धकांना प्रत्येकी ०.६०४ आणि मागच्या दोघांना प्रत्येकी उणे ०.१०४ इतका आयाम देतो. उणे चिन्हाचा अर्थ असा की, मागचे ध्वनिवर्धक उलट कलेत वाजतात. समोरचा आवाज ऐकवण्यासाठी मागचे ध्वनिवर्धक वाजवणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु मध्यभागी बसलेल्या श्रोत्याच्या डोक्याभोवतीचा तरंग योग्य रीतीने घडवण्यात त्यांचा हा लहानसा विरोधी वाटा आवश्यक असतो.

ऊर्जा सदिश कमाल करणारा डिकोडर याच आवाजासाठी पुढच्यांना प्रत्येकी ०.५ आणि मागच्यांना शून्य देतो. तिसरा एक प्रकार समकला डिकोडिंग म्हणून ओळखला जातो. त्यात पुढच्यांना ०.४२७ आणि मागच्यांना ०.०७३ मिळते, म्हणजे कोणताही ध्वनिवर्धक उलट कलेत वाजत नाही. तिन्ही प्रकारांत समोरासमोरच्या जोडीची बेरीज ०.५ च येते हे वाचकाला पडताळून पाहता येईल.

चांगला डिकोडर यांपैकी पहिले दोन प्रकार एकत्र करतो. खालच्या वारंवारतांना पहिला आणि वरच्यांना दुसरा प्रकार लागू होईल असे फिल्टर त्यात असतात, आणि त्यांचा सांधा साधारणतः ४०० ते ७०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवला जातो. समकला प्रकार मोठ्या सभागृहांत उपयोगी पडतो. तेथे बरेच श्रोते मध्यापासून दूर बसलेले असतात आणि मागच्या ध्वनिवर्धकाजवळच्या श्रोत्याला त्यातून उलट कलेतील समोरचा आवाज ऐकू येणे इष्ट नसते. या प्रकारात दिशा धूसर होतात, पण कोणाच्याही बाबतीत त्या पूर्णपणे चुकत नाहीत.

त्रिकोण का चालत नाही

क्षैतिज प्रथम कोटीत संकेत तीनच असल्याने तीन ध्वनिवर्धक पुरतील असे गणिताने वाटू शकते. समभुज त्रिकोणात वेग सदिश खरोखरच निर्दोष राहतो. ऊर्जा सदिश मात्र फसतो. आवाज एखाद्या ध्वनिवर्धकाच्या दिशेने येत असेल तर ऊर्जा सदिशाची लांबी १ होते, आणि दोन ध्वनिवर्धकांच्या मधोमध येत असेल तर ती ०.३३ पर्यंत घसरते. आवाज श्रोत्याभोवती फिरवला असता तो ध्वनिवर्धकापाशी टोकदार होतो आणि मध्ये विरघळतो. म्हणून क्षैतिज मांडणीत किमान २न + २ ध्वनिवर्धक घ्यावेत असा संकेत रूढ आहे, म्हणजे प्रथम कोटीसाठी ४, द्वितीय कोटीसाठी ६ आणि तृतीय कोटीसाठी ८. याच कारणाने पूर्ण गोलासाठी चार ध्वनिवर्धकांचा समचतुष्फलक टाळला जातो. मायक्रोफोनमध्ये जो आकार उत्तम ठरतो, तो ऐकताना कमी पडतो.

षटकोन

प्रथम कोटीच्या मुद्रणासाठी घरगुती पातळीवर सर्वांत समाधानकारक क्षैतिज मांडणी म्हणून बहुधा नियमित षटकोनाची शिफारस केली जाते. चौरसात ध्वनिवर्धकांमधील कोन ९० अंशांचा असतो, षटकोनात तो ६० अंशांवर येतो. गणितातील मर्यादा ०.७०७ तीच राहते, परंतु श्रोत्याने डोके थोडे हलवले किंवा तो मध्यापासून थोडा सरकला तरी चित्र कमी बिघडते.

षटकोन दोन प्रकारे वळवता येतो. पहिल्या प्रकारात ध्वनिवर्धक डावीउजवीकडे ३०, ९० आणि १५० अंशांवर येतात. त्यात समोरची जोडी साध्या स्टिरिओसाठीही वापरता येते, आणि बरोबर दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष ध्वनिवर्धक असतो. बाजूची दिशा दोन ध्वनिवर्धकांच्या मधून सर्वांत अवघड पुनर्निर्माण होते, त्यामुळे हा लाभ मोठा आहे. दुसऱ्या प्रकारात एक ध्वनिवर्धक ठीक समोर आणि एक ठीक मागे येतो. समोरचा एकल गायक किंवा वक्ता त्यात अधिक ठाम वाटतो, पण स्टिरिओशी असलेली सुसंगती जाते.

ध्वनिवर्धक वाटेल तितके वाढवणे हा मात्र उपाय नव्हे. प्रथम कोटीचा संकेत दाट वर्तुळात बसवलेल्या बऱ्याच ध्वनिवर्धकांना दिल्यास एकच आवाज अनेक ध्वनिवर्धकांतून जवळजवळ सारख्याच तीव्रतेने बाहेर पडतो. मध्यापासून दूर गेल्यावर हे आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, एकमेकांना खोडतात आणि वरच्या वारंवारता मंदावून आवाज दबल्यासारखा होतो. ध्वनिवर्धकांची संख्या मुद्रणाच्या कोटीला साजेशी असावी.

आयताकृती खोली

बहुतेक घरांत चौरस किंवा षटकोन नीट बसेल अशी खोली नसते. गर्झन यांनी हे ओळखून आयताकृती मांडणीची तरतूद सुरुवातीपासूनच केली होती, आणि त्या काळातील घरगुती डिकोडरांवर आयताचे प्रमाण सांगण्यासाठी स्वतंत्र बटण असे. आयताचे चारही कोपरे त्याच्या मध्यापासून समान अंतरावर असतात आणि ते समोरासमोर जोड्यांनी येतात, म्हणून वरील दोन्ही अटी आयतात आपसूक पाळल्या जातात.

उदाहरणार्थ, ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब खोलीत २.४ मीटर रुंद व ३.२ मीटर लांब आयत आखला, तर त्याचा कर्ण ४ मीटर होतो आणि प्रत्येक ध्वनिवर्धक मध्यापासून बरोबर २ मीटरवर येतो. भिंतीपासून दोन्ही बाजूंना ३० आणि ४० सेंटिमीटरची मोकळी जागाही राहते. श्रोता लांब बाजूच्या दिशेने तोंड करून बसला, तर पुढचे ध्वनिवर्धक समोरच्या रेषेपासून ३६.९ अंशांवर येतात. चौरसाच्या डिकोडरमध्ये एक्स आणि वाय या दोन्ही संकेतांना १.४१४ हा गुणक असतो. या आयतात तो एक्ससाठी १.२५ आणि वायसाठी १.६६७ करावा लागतो. म्हणजे ध्वनिवर्धक ज्या अक्षावर मध्यापासून जवळ आहेत, त्या अक्षाचा संकेत वाढवावा लागतो. हे न करता चौरसाचाच डिकोडर वापरल्यास सर्व दिशा पुढच्या आणि मागच्या टोकांकडे ओढल्या जातात. बाजूला उभा असलेला वादक मग बाजूला राहत नाही.

आयताची किंमतही आहे. वरील उदाहरणात पुढच्या जोडीतील कोन ७४ अंश असतो, पण डाव्या आणि उजव्या बाजूला तो १०६ अंश होतो. बाजूची चित्रे त्यामुळे आणखी कमजोर होतात. पुढे रंगमंच आणि मागे सभागृहाचा घुमार असलेल्या संगीतमैफलीसाठी हे सहन होते. श्रोत्याभोवती फिरणाऱ्या आवाजांच्या रचनांसाठी होत नाही.

अंतर, विलंब आणि जवळच्या ध्वनिवर्धकाचा परिणाम

सर्व ध्वनिवर्धक समान अंतरावर ठेवणे शक्य नसल्यास जवळच्या ध्वनिवर्धकाचा संकेत विलंबित करून त्याची पातळी कमी करता येते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद आणि एका फुटाला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. इतर ध्वनिवर्धक २ मीटरवर असताना एक १.७ मीटरवर ठेवावा लागला, तर त्याला ०.८७ मिलिसेकंदाचा विलंब द्यावा आणि त्याची पातळी १.४ डेसिबेलने उतरवावी. मोजमाप टेपने घेतले तरी चालते, परंतु ते खुर्चीच्या पाठीपर्यंत न घेता श्रोत्याच्या डोक्याच्या मध्यापर्यंत घ्यावे. काही सेंटिमीटरांची चूक वरच्या वारंवारतांनाच बाधते. दहावीस सेंटिमीटरांची चूक थेट दिशाज्ञानाच्या पट्ट्यात शिरते.

विलंबाने अंतर सुधारते, दिशा मात्र सुधारत नाही. ध्वनिवर्धक २० अंश सरकला असेल तर ती गोष्ट डिकोडरलाच सांगावी लागते.

याशिवाय आणखी एक सूक्ष्म पण महत्त्वाचा परिणाम आहे. साधा डिकोडर ध्वनिवर्धक अनंत अंतरावर असून त्यांचे तरंग सपाट येतात असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात जवळच्या ध्वनिवर्धकाचा तरंग वक्र असतो आणि त्यामुळे खोल स्वरांत दिशासंकेत अवाजवी फुगतात. दोरीवर आवळल्यासारखा किंवा डोक्याच्या आत शिरल्यासारखा मंद्र आवाज हे त्याचे लक्षण. उपाय म्हणून डब्ल्यू सोडून इतर प्रथम कोटीच्या संकेतांवर एक सौम्य उच्चपार फिल्टर लावला जातो. त्याची वारंवारता ध्वनीच्या वेगाला अंतर आणि २π यांच्या गुणाकाराने भागून मिळते. २ मीटरसाठी ती सुमारे २७ हर्ट्झ, तर १ मीटरसाठी सुमारे ५५ हर्ट्झ येते. मोठ्या दालनात हा फिल्टर नसला तरी चालून जाते. लहान खोलीत तो नसल्यास चालत नाही, आणि उच्च कोटीत तर त्याची गरज झपाट्याने वाढते. उच्च कोटीसाठी ही भरपाई व्यवहार्य रूपात मांडण्याचे श्रेय फ्रान्समधील जेरोम डॅनिएल यांना दिले जाते.

उंचीसह मांडणी

माणसाला वरखालची दिशा डावीउजवीइतकी अचूक कळत नाही. तरीही छतावरून परतणारे ध्वनी, पाऊस, पक्षी किंवा चर्चच्या घुमटातील गायन यांचा अनुभव क्षैतिज मांडणीत अपुराच राहतो. पूर्ण गोलाची सर्वांत साधी मांडणी म्हणजे घनाच्या आठ शिरोबिंदूंवर आठ ध्वनिवर्धक. सर्वसाधारण उंचीच्या खोलीत हे अशक्य नाही. घनाची बाजू २.३ मीटर घेतली तर प्रत्येक ध्वनिवर्धक मध्यापासून जवळजवळ २ मीटरवर येतो. बसलेल्या श्रोत्याचे कान जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर धरल्यास खालचे चार ध्वनिवर्धक जमिनीपासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर आणि वरचे चार २.३५ मीटरवर येतात. ध्वनिवर्धकाच्या पेटीलाही आकार असतो, त्यामुळे व्यवहारात खालचे चार जमिनीवर वर तोंड करून तिरपे ठेवले जातात.

घनाचा दोष असा की, त्याच्या आठांपैकी एकही ध्वनिवर्धक कानांच्या पातळीवर नसतो, आणि आपण ऐकतो ते बहुतेक आवाज तर त्याच पातळीवर असतात. समोरचा आवाज तेथे वर आणि खाली ३५ अंशांवर असलेल्या चार ध्वनिवर्धकांच्या बेरजेतून घडवावा लागतो. म्हणून जागा आणि साधने असतील तर कानांच्या पातळीवर षटकोन आणि त्याच्या वर व खाली तीनतीन अशी बारांची मांडणी अधिक समाधान देते.

गणिताच्या दृष्टीने 'न' कोटीसाठी ध्वनिवर्धकांचे बिंदू गोलावर पुरेशा समतेने विखुरलेले असावे लागतात. घन आणि अष्टफलक प्रथम कोटीची अट पुरी करतात. विंशतिफलकाचे १२ आणि द्वादशफलकाचे २० शिरोबिंदू द्वितीय कोटीपर्यंत पुरतात. त्यापुढे सुंदर नियमित आकार संपतात, कारण नियमित घनाकृती पाचच आहेत, आणि संगणकाने शोधलेल्या बिंदुरचनांचा आधार घ्यावा लागतो.

अनियमित मांडणी आणि घुमट

चित्रपट पाहण्यासाठी बसवलेल्या ५.१ संचावर ॲम्बिसॉनिक मुद्रण ऐकण्याची इच्छा स्वाभाविक आहे. त्यात एक ध्वनिवर्धक समोर, दोन ३० अंशांवर आणि दोन सुमारे ११० अंशांवर असतात. समोर तीन ध्वनिवर्धकांची गर्दी आणि मागे १४० अंशांची पोकळी असलेली ही मांडणी समोरासमोर जोड्यांचा नियम मोडते. तिच्यासाठी साधा डिकोडर बनवल्यास पुढच्या बाजूचा आवाज मोठा होतो आणि मागच्या दिशा खोट्या ठरतात. १९९२ मध्ये गर्झन आणि जेफ्री बार्टन यांनी अशा मांडणीसाठी विशेष डिकोडर मांडले. त्यांची गुणके काढण्यासाठी अरेखीय समीकरणे सोडवावी लागतात. पुढे संगणकीय शोधपद्धतींनी हे काम सोपे केले. तथापि मागच्या पोकळीत ध्वनिवर्धक नाही ही वस्तुस्थिती कोणत्याही गणिताने बदलत नाही. पाच ध्वनिवर्धकांना आणखी एकाची जोड देऊन षटकोन मांडणे बहुधा अधिक फलदायी ठरते.

मोठ्या सभागृहांत श्रोत्यांच्या पायाखाली ध्वनिवर्धक ठेवता येत नाहीत, म्हणून तेथे अर्धगोल किंवा घुमट उभारला जातो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संगीत व प्रयोगकला विद्यापीठाच्या क्यूब या दालनात १२, ८ आणि ४ अशा तीन कड्यांत २४ ध्वनिवर्धक आहेत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील सॉनिक लॅब हा या नियमाला उल्लेखनीय अपवाद आहे. २००४ मध्ये संगीतकार कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांच्या हस्ते खुल्या झालेल्या या दालनाची जमीन जाळीची असून तिच्याखालीही ध्वनिवर्धक आहेत, त्यामुळे आवाज खरोखरच पायांखालून येतो.

अर्धगोलात खालचा भाग रिकामा असल्याने साध्या गणितात क्षितिजाजवळचे आवाज डळमळतात. २०१२ मध्ये ग्राझ येथील फ्रान्झ झॉटर आणि मथियास फ्रँक यांनी यावर एक उपाय मांडला, तो आज मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यात आधी गोलावर समतेने पसरलेल्या अनेक काल्पनिक ध्वनिवर्धकांसाठी संकेत काढले जातात, आणि नंतर ते काल्पनिक ध्वनिवर्धक खऱ्या ध्वनिवर्धकांच्या त्रिकोणांमध्ये वाटून दिले जातात. जेथे मोठी पोकळी असते, उदाहरणार्थ पायाखाली, तेथे एक न वाजणारा ध्वनिवर्धक कल्पून त्रिकोण पूर्ण केले जातात. ग्राझच्या संस्थेने ही पद्धत मोफत आज्ञावलीच्या रूपाने उपलब्ध केली आहे, आणि याच दोघांचे २०१९ चे ॲम्बिसॉनिक्सवरील पुस्तकही विनामूल्य वाचता येते.

श्रवणक्षेत्राचा आकार

ध्वनिक्षेत्र किती मोठ्या परिघात अचूक राहील हे कोटी आणि वारंवारता या दोहोंवर अवलंबून असते. डोक्याची त्रिज्या ९ सेंटिमीटर धरल्यास प्रथम कोटीत अचूकता साधारण ६०० हर्ट्झपर्यंत टिकते, आणि तृतीय कोटीत सुमारे १,८०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे प्रथम कोटीचे खरेखुरे पुनर्निर्माण एकाच डोक्यापुरते आणि तेही खालच्या वारंवारतांपुरते असते. त्यापलीकडे जे ऐकू येते ते ऊर्जा सदिशाच्या भरवशावर. दोघांतिघांना एकत्र ऐकावयाचे असल्यास त्यांनी शेजारीशेजारी बसण्याऐवजी एकामागे एक बसणे बरे पडते, कारण पुढेमागे सरकल्याने दोन कानांमधील वेळेचा तोल कमी बिघडतो.

खोली आणि ध्वनिवर्धकांची निवड

सर्व ध्वनिवर्धक एकाच बनावटीचे असावेत. समोर मोठे आणि मागे लहान ही चित्रपटसंचातील सवय येथे घातक ठरते, कारण प्रत्येक दिशेचा आवाज सर्व ध्वनिवर्धकांच्या नेमक्या बेरजेतून आणि वजाबाकीतून घडतो. दोन पेट्यांची कला वेगळी असेल तर वजाबाकी जुळत नाही. महागड्या दोन ध्वनिवर्धकांपेक्षा मध्यम दर्जाचे सहा सारखे ध्वनिवर्धक या कामी अधिक उपयोगी आहेत. खोलीतील परावर्तने कमी असावीत, कारण मुद्रणात मूळ वास्तूचा घुमार आधीच असतो आणि ऐकण्याच्या खोलीचा घुमार त्यावर चढतो. गालिचा, पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांनी बरेच साधते. ध्वनिवर्धक भिंतीला चिकटवू नयेत.

जोडणी आणि पडताळणी

मांडणी अचूक असूनही फसवणारी एक बाब म्हणजे वाहिन्यांचा क्रम. जुन्या पद्धतीत क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असा असतो आणि डब्ल्यूची पातळी ३ डेसिबेलने कमी ठेवलेली असते. आज प्रचलित असलेल्या ॲम्बिएक्स पद्धतीत क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा असून ही घट नसते. ॲम्बिएक्स पद्धतीचे मुद्रण जुन्या पद्धतीच्या डिकोडरला दिल्यास डावीकडचा आवाज समोर येतो आणि समोरचा आवाज छताकडे जातो. मांडणी क्षैतिज असेल तर समोरच्या आवाजाची दिशाच नाहीशी होते. असे झाल्यावर अनेक जण ध्वनिवर्धक हलवत बसतात. कोनांच्या चिन्हांबाबतही असाच घोटाळा होतो. होकायंत्रात कोन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे उजवीकडे वाढतो, ॲम्बिसॉनिक्समध्ये तो गणिताच्या रीतीने डावीकडे वाढतो.

पडताळणीचा क्रम साधा आहे. प्रथम प्रत्येक ध्वनिवर्धकातून स्वतंत्रपणे गोंगाट संकेत वाजवून तारांची अदलाबदल झालेली नाही ना ते पाहावे आणि मध्यबिंदूपाशी सर्वांची पातळी सारखी करावी. नंतर एकेका जोडीची ध्रुवता तपासावी. दोन ध्वनिवर्धकांना एकच संकेत दिल्यावर मंद्र स्वर पातळ झाला तर त्यांपैकी एकाच्या तारा उलट जोडलेल्या असतात. ध्वनिवर्धकांना जोडलेल्या प्रवर्धकातील कृत्रिम घुमार, आपोआप वाहिन्या मिसळणारी सोय आणि मंद्र स्वर वेगळे काढणारी व्यवस्था बंद करावी. शेवटी एखादा माणूस मायक्रोफोनभोवती चालत आपली दिशा उच्चारत असल्याचे मुद्रण लावावे. डोळे मिटून बसलेल्या श्रोत्याला 'उजवीकडे' हा शब्द उजवीकडूनच ऐकू यावा, चालण्याची गती सर्वत्र सारखी वाटावी आणि माणूस ध्वनिवर्धकापाशी थबकल्यासारखा वाटू नये. तो थबकत असेल, तर वरच्या वारंवारतांसाठीचे डिकोडिंग किंवा एखाद्या ध्वनिवर्धकाची पातळी पुन्हा तपासावी. तो डोक्यातून आरपार जात असल्यासारखा वाटत असेल, तर बहुधा एखाद्या जोडीची ध्रुवता उलटलेली असते.